मानेतला धातू

वहिनीच्या मानेतली झिजलेली चकती काढून तिथे बसवायचे दोन नमुने डॉक्टरांनी टेबलावर ठेवले. एक टायटॅनियमचा, दुसरा पांढरट, प्लास्टिकसारखा. दोन्ही नखाएवढे.

मानेला पट्टा बांधलेली वहिनी समोरच बसली होती. डॉक्टरांनी विचारलं मात्र दादाला. दादाने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "टायटॅनियमच घाला, मजबूत असतं," नवरा म्हणाला. जणू खिडकीचे गज निवडत होता!

माझं डोकंच फिरलं. नाकात नथ कुठली, पायात जोडवी कुठली, ते इतरांनी ठरवलं. आता हाडांच्या मधे काय घालायचं तेही यांनीच ठरवायचं? जन्मभर ते वागवणार कोण?

वहिनीने हात पुढे केला, दोन्ही नमुने उचलून मूठ घट्ट मिटली.

"आता मला विचारा," ती म्हणाली.