कुंदाताई बॅग बघायच्या

शहापूरच्या बाजारातल्या त्या चामड्याच्या दुकानात शिरलं, की कुंदाताई आधी पायातल्या चपला काढून गल्ल्याशेजारी ठेवायच्या आणि मग खांद्यावरची, खताची पण स्वच्छ धुतलेली गोणी जमिनीवर ओतायच्या. लांबडं रजिस्टर, बीपीचं मशीन, बाळं तोलायचा झोळीचा काटा, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, छत्री, एक जादा साडी. दुकानदार शेठ कपाळाला हात लावायचे. ताई मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "दाखवा आता बॅगा. रिकामी बॅग काय, कुनाच्याबी खांद्याला शोभते. भरल्याबिगर कळत नाय."

एकेक बॅग खाली यायची. ताई ती भरायच्या, खांद्याला लावायच्या आणि तशाच दुकानाबाहेर पडून एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन परत यायच्या. अनवाणी. शेठ पहिल्या खेपेला घाबरून मागे धावले, तेव्हा ताईंनी त्यांना गल्ल्याकडे बोट दाखवलं. "चपला ठेवल्यात ना तारण? त्या सोडून मी कुठं जाते?" परत आल्या की कपाळाचा घाम पुसून निकाल द्यायच्या: "पट्टा टोचतो." नाहीतर, "खाली वाकलं की सगळं तोंडाशी येतं." मग सामान पुन्हा गोणीत, चपला पायात. "शेठ, पुढच्या साली येते." शेठ म्हणायचे, "या सिस्टर, दुकान कुठं पळतंय." सात वर्षं मी हे बघितलं आणि सातही वर्षं बॅग घेतली गेली नाही.

आम्ही दोघी नर्स. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याला दोन खोल्यांचं आमचं उपकेंद्र होतं, त्यातल्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो, आणि त्याला जोडलेले नऊ पाडे. मी तिथे गेले तेव्हा ताईंना अकरा वर्षं झाली होती. कायम मात्र दोघींतली एकही नव्हती, दोघी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. ब्रेकच्या त्या एका दिवशी माणूस सरकारदरबारी कुणीच नसतं. बाकीच्या जणी तो दिवस माहेरी काढायच्या. कुंदाताई मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत एसटीनं शहापूरला जायच्या, बॅग बघायला. माझा ब्रेक वेगळ्या तारखेला यायचा, तरी मला रजा टाकायला लावून सोबत न्यायच्या.

माझी पहिली भेटच बॅगेवरून झाली. मी कल्याणहून घेतलेली लाल चकचकीत बॅग मिरवत उपकेंद्रात शिरले. ताईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बॅगेच्या कोपऱ्यावर नख फिरवलं आणि म्हणाल्या, "रेक्झिन." मला वाटलं, बाई खवट दिसते. दिवाळीपर्यंत त्या बॅगेची साल निघाली, खालचं पांढरं कापड दिसायला लागलं, तेव्हा त्या हसून हसून बेजार झाल्या. "अगो वैशू, रेक्झिन म्हंजे कंत्राटी. अकरा महिने चमकतं, मंग साल निघते. चामडं म्हंजे कायम. जितकं वापरशील तितकं मऊ." आणि मग एकदम गंभीर होऊन, "कायमची ऑर्डर हातात पडली ना, की त्याच दिवशी चामड्याची घेणार मी. तोवर गोणी बरी. गोणी खोटं बोलत नाय."

तर सगळं त्या ऑर्डरवर अडलेलं होतं. घरी भातशेती होती, नवरा ती करायचा, पण शेती पोटापुरती आणि पगार बाकी सगळ्यापुरता. ऑर्डर आली तर म्हातारपणाला पेन्शन, नाही आली तर अठ्ठावन्नाला रिकाम्या हातानं घरी. हे त्या दर दोन दिवसांनी सांगायच्या, रडगाणं म्हणून नाही, पाऊसपाण्याचं बोलावं तसं.

पण बॅगेतलं त्यांना जे कळायचं ते शेठनाही कळत नव्हतं. चामडं चिमटीत धरून दाबायच्या, बारीक सुरकुत्या पडून परत गेल्या तर खरं. कापलेल्या कडेला नाक लावायच्या. आतलं अस्तर काळं असेल तर बॅग बाजूला. "काळ्या पोटात सुई हरवते. फिकट पायजे, पाड्यातल्या अंधाऱ्या घरात हात घातला तर दिसलं पायजे." चेन एका हातानं उघडते का ते बघायच्या, कारण "दुसऱ्या हातात पोर असतं." पट्टा जिथे कडीला शिवलेला असतो तिथे तर त्या पोलिसासारख्या चौकशी करायच्या. एकदा शेठनी एक नाजूक, पोटाशी फुगलेली आणि तोंडाशी अरुंद बॅग पुढे केली. ताई म्हणाल्या, "तोंड लहान आन पोट मोठं? ही सायबाला द्या." शेठ इतके हसले की त्यांनी आम्हाला चहा पाजला.

एका वर्षी आम्ही ब्रेकच्या दिवशी निघण्याच्या तयारीत अंगणात उभ्या होतो आणि वरच्या पाड्यावरून चार माणसं एका बाईला झोळी करून घेऊन आली. कळा पार शेवटाला आलेल्या. गाडी येणार नव्हती, आणि आली असती तरी तेवढा वेळ नव्हता. मी नवखी, नुसतीच बघत उभी राहिले. ताईंनी गोणी खाली ठेवली, हातमोजे घातले आणि अर्ध्या तासात मुलगी बाहेर आली. नाळेचा वेढा होता, ताईंनी तो असा सोडवला की त्या आईला कळलंसुद्धा नाही. सगळं आवरल्यावर मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "सही तू कर. मी आज नाय." मी म्हटलं, ताई, केलंत तर तुम्ही. "केलं गो. पण आज मी नाय ना." ती मुलगी आज शाळेत जाते आणि सरकारी कागदावर तिचं बाळंतपण माझ्या नावावर आहे.

पुढे भरतीची जाहिरात आली. लेखी परीक्षा, आणि कंत्राटी बायकांना वयाची सवलत, तीही शेवटचीच, असं त्यात म्हटलेलं. ताई त्या सवलतीत जेमतेम बसत होत्या. तालुक्याच्या सगळ्या कंत्राटी नर्स एका रविवारी देवीच्या देवळात जमल्या. जुन्या बायकांमध्ये एक बोलवा पसरली होती, की परीक्षेला बसलं म्हणजे आपण नव्या उमेदवार ठरतो, इतक्या वर्षांची सेवा आपल्याच हातानं सोडल्यासारखं होतं. न बसता थांबलं तर जुन्यांना थेट कायम करणार आहेत. कुणी ऐकलं होतं, कुणाच्या भावानं ऐकलं होतं. शेवटी जुन्या बायकांनी देवीसमोर बेलभंडारा उचलला, की आपल्यातल्या एकीनंही फॉर्म भरायचा नाही. फुटलो तर गेलो. कुंदाताईंनी सगळ्यात आधी उचलला. मग माझ्याकडे वळून बाकीच्यांना म्हणाल्या, "ही नवी हाय. हिला सोडा. हिची सेवा ती कितीशी, हिनं भरावा." आणि दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला. फोटोसुद्धा त्यांनीच डिंकानं चिकटवला.

मी पास झाले. शहापूर तालुक्यात, कसाऱ्याच्या अलीकडच्या आरोग्य केंद्रावर माझी नेमणूक झाली. कायम. पहिला फोन ताईंना केला. पलीकडून आवाज आला, "चांगलं झालं गो. माजी बॅग नाय तर नाय, तुजी तरी घेऊ." नव्या जागेवर रुजू व्हायच्या, ट्रेनिंगच्या, घर बघायच्या गडबडीत दोन महिने गेले. मग एक गुरुवार ठरला. ताईंनी फोनवर बजावलं, "तुजं सामान घेऊन ये. माज्या सामानानं तुजी बॅग मापायची नाय."

शेठ आता थकले होते, पण त्यांनी ओळखलं. मी माझं सामान ओतलं. ताई भिंतीला टेकून बसल्या आणि तासभर त्यांनी दुकान उलटंपालटं केलं. आठ बॅगा नाकारल्या. नववी तपकिरी, रुंद तोंडाची, आतून फिकट पिवळ्या कापडाची, खाली पितळेच्या चार गुंड्या. रजिस्टर उभं आत गेलं आणि वरून चेन लागली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. ताईंनी ते दोनदा काढून दोनदा घातलं. मग मला म्हणाल्या, "चपला काढ." मी हसले. "हसू नको. काढ आन स्टँडला जाऊन ये."

मी अनवाणी, भर बाजारातून, नवी बॅग खांद्याला लावून स्टँडला जाऊन आले. लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. ताई दुकानाच्या पायरीवर बसून वाट बघत होत्या. "टोचतो?" मी म्हटलं, नाही. "मंग हीच." शेठनी बॅग पुसता पुसता विचारलं, "आणि तुमची, सिस्टर?" ताई म्हणाल्या, "माजं काय ते नंतर बघू," आणि चपला घालायला वाकल्या.

स्टँडवर मुरबाडच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, ऑर्डरची कशाला वाट बघायची? मी घेऊन देते तुम्हाला एक. आत्ताच परत जाऊ."

"त्यात भरू काय?"

"म्हणजे?"

"परवा चार्ज दिला मी. ब्रेक झाला, नवी ऑर्डर नाय निघाली. जागा भरली म्हणाले." त्यांनी पदरानं मान पुसली. "तुज्याच भरतीतली पोरगी हाय. चांगली हाय. मी तिला नऊ पाड्यांची नावं लिहून दिली, कुठल्या घरात कुत्रा चावतो ते सांगितलं. रजिस्टर दिलं, काटा दिला. गोणी तेवढी घरी नेली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून त्यांच्या खांद्यावर काहीच नव्हतं. मी माझ्या बॅगेच्या नादात ते बघितलंच नव्हतं. मी विचारलं, बाकीच्या जुन्या बायकांचं काय? ज्यांनी भंडारा उचलला होता?

"चौघींनी गुपचूप फॉर्म भरलेला. त्या लागल्या." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकवत नव्हतं. "मला राग नाय गो त्यांचा. पोट सगळ्यांना हाय. पन एक सांगते वैशू. तुज्या हाताखाली आता कंत्राटी पोरी येतील. त्यांना सांग, परीक्षा द्या म्हनून. थांबा म्हनू नको. माज्या सेवेचे जादा मार्क होते म्हंतात. मी बसले असते तर सगळ्यांच्या वर लागले असते. मला तेव्हा कुनी सांगितलंच नाय."

गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, माझ्याकडे बघून मान हलवली. मी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते. ती बॅग आज तीन वर्षं माझ्या खांद्याला आहे आणि खरंच मऊ होत चालली आहे. ताईंना मी नंतर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी माझी, माझ्या केंद्राची चौकशी केली आणि मी त्यांचं विचारलं की म्हणाल्या, "भात झोडते. दुसरं काय." गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा नंबर लागत नाही, आणि घरी जाऊन यावं एवढी माझी छाती होत नाही.

का होत नाही ते आज लिहून टाकते. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस उरले असताना मी माझे कागद साक्षांकित करायला तालुक्याला गेले होते. तिथल्या एका कारकुनाला मी सहज विचारलं, की परीक्षेला बसलं तर जुनी सेवा जाते का हो? तो हसला. "सेवा जाते कशी? उलट अनुभवाचे जादा मार्क आहेत. जुन्या बायका बसल्या तर तुम्हा नव्यांचं कठीण आहे." मी परतीच्या गाडीत बसले. जागा किती आहेत ते मला माहीत होतं, ताई बसल्या तर त्या माझ्या वर लागणार हेही माहीत होतं. उपकेंद्रात शिरले तेव्हा ताई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी विचारलं, "झालं का गो काम?" मी म्हटलं, झालं. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हणाले. त्यांनी भंडारा उचललाय, सांगून तरी कुठे ऐकणार आहेत, असंही म्हणाले. मुदत संपेपर्यंत चार दिवस होते, आणि चारही दिवस मी त्यांच्या हातची भाकरी त्यांच्यासोबत एकाच ताटात खाल्ली.