शेवग्याच्या पाल्याचा खरा आकडा

बहात्तरच्या दुष्काळात मी लोहाऱ्याजवळच्या एका गावात बालवाडी चालवत होते. पाझर तलावाच्या कामावर येणाऱ्या बायकांची मुलं दिवसभर माझ्याकडं असत. शनिवारी दुपारच्या सुट्टीत मी त्या बायकांना आहाराची माहिती देई. त्यासाठी मला एक रंगीत तक्ता मिळाला होता. त्यावर सफरचंद, मोसंबी, अंडी आणि दुधाचा पेला.

एकदा खडी फोडणारी एक मावशी मधेच उठली. बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, बोलायला सडेतोड.

"बाई, ह्यातलं आमच्याकडं काय हाय वो? आमी शेवग्याचा पाला शिजवून खातोव. त्यात काय असतंय ते सांगा की."

शेंगांची आमटी मी लहानपणापासून खाल्ली होती, पण पालाही खातात हे पहिल्यांदाच ऐकत होते. "बघून सांगते," एवढंच म्हणाले.

पुढं एका जुन्या मासिकात मला शेवग्यावरची चौकट सापडली. दूध, गाजर, सगळ्यांना कुठल्याकुठं मागं टाकणारे आकडे होते. मी ते फळ्यावर ठळक लिहिले. बायका खूश झाल्या. नेमके त्याच दिवशी आरोग्य केंद्राचे डॉक्टर मुलांची वजनं करायला आले.

"हे कुठून आणलंत?" त्यांनी फळा बघून विचारलं. "ओल्या पाल्याचं आहे की वाळलेल्या?"

"तसं काही लिहिलं नव्हतं."

"मग पुसा. उद्या एखादी आई म्हणेल, मूठभर पाला दिला, आता डाळ कशाला?"

सगळ्यांसमोर मला फळा पुसावा लागला. डॉक्टर मात्र जाताना हळूच म्हणाले, "उस्मानाबादला आरोग्य कार्यालयात अन्नघटकांचं सरकारी पुस्तक आहे. बाहेर देत नाहीत. बसून उतरवून घ्या."

सोमवारी सकाळी मावशीनं मला वेगवेगळ्या रानभाज्यांच्या जुड्या करून दिल्या. मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत बसले. पुस्तक इंग्रजी होतं, आणि एकाच भाजीला गावागावांत वेगळं नाव. शेजारच्या शेती कार्यालयातल्या एका वयस्कर अधिकाऱ्यांनी पानं चुरगळून, वास घेऊन एकेक भाजी ओळखली आणि शास्त्रीय नावानं पुस्तकात शोधून दिली. दोन दिवस मी उतरवत बसले होते.

मासिकातला आकडा वाळवलेल्या पाल्याच्या भुकटीचा होता. वाळवताना पाणी उडून जातं, म्हणून वजनाच्या मानानं सगळंच जास्त दिसतं. ताज्या पाल्याचा आकडा पुष्कळच कमी निघाला. तरी त्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व भरपूर होतं. पाथरीची भाजी काही पुस्तकात सापडली नाही. तिच्यापुढं मी "माहिती नाही" असं लिहिलं.

शनिवारी सगळं खरं खरं सांगितलं. आधीचा आकडा चुकला, हेही सांगितलं.

मावशी म्हणाली, "चुकलं म्हणून सांगितलं, लई बरं केलं. आता पोरांना खायला घाला की."

पोरं कुठं खातायत! पहिल्या दिवशी निम्म्यांनी थुंकून टाकलं. मग मावशीनं सुट्टीत येऊन दाखवलं: जून पानं घ्यायची न्हाईत, देठ काढायचे, डाळीत घोटून वर लसणाची फोडणी. वास सुटला तशी पोरं ताटली घेऊन चुलीजवळ सरकली. डाळ, सरकारकडून मिळणारी सुकडी, पाला, सगळं मिळून दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांच्या कार्डांवरची वजनं सावकाश वर चढू लागली.

पाऊस झाल्यावर आम्ही शेवग्याच्या फांद्या बालवाडीच्या कडेनं रोवल्या. आणि पुढल्या वर्षी लोहाऱ्यात बालवाडीच्या बायांचं शिबिर भरलं, तेव्हा डॉक्टरांनी मावशीलाही बोलावणं धाडलं. आधी ती दारातच घुटमळली. मग तिला पुढं खुर्ची दिली. ती टेकली, पदर सारखा केला आणि समोरच्या शिकलेल्या बायांना म्हणाली, "आधी सांगा, तुमच्या गावात काय काय उगवतंय? तितनं सुरू करू."

बाया वह्या उघडून एकेक नाव सांगू लागल्या.