विलायती गाण्यावरची फुगडी

माझ्या लग्नाच्या वेळी माझ्याइतकी आधुनिक मुलगी अख्ख्या नाशकात नव्हती. हे माझं मत. दुसऱ्या कोणाला विचारायची गरज मला वाटली नव्हती. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी एका ऑफिसात टायपिस्ट, केस कानापर्यंत छाटलेले आणि पर्समध्ये कायम एक कॅसेट. मस्कतला नोकरीला असलेल्या आतेभावाने ती आणली होती. वर इंग्लंडच्या पोरांचा फोटो, एका डोळ्यावर केस आणि दुसऱ्यात काजळ. वडिलांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यांच्या घरी माहीत आहे का?"

तिकडे म्हणे ते गाणं घरोघर वाजत होतं. पेटी नाही, तबला नाही, सगळं यंत्रातून. एकाच मापाचं धप् धप्, त्यावर बारीक टिवटिव आणि गाणाऱ्याचा आवाज असा, की याला सर्दी झालीय पण साहेब रजा देत नाही. शब्द मला चारातला एक कळे. उरलेल्या तिन्हींवर मी डोळे मिटून मान डोलवत असे.

लग्न ठरलं ओझरच्या घरात. मुलगा विमानाच्या कारखान्यात, बाकीचं घर शेतीत. सासू नव्हत्या, सगळा कारभार थोरल्या जावेच्या हातात. बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी नाशकात कापडाच्या दुकानात बसली, तेव्हा माझी आणि जाऊबाईंची पहिली गाठ पडली.

"वरातीत सिनेमाची गाणी नकोत," मी शालूंच्या ढिगाआडून जाहीर केलं. "बॅन्डवाल्याला मी कॅसेट देणार आहे. विलायतेत हल्ली हेच चालतं."

जाऊबाई चिमटीत पदर धरून पोत पाहत होत्या. "चालू दे की. पर आमच्या बाया फुगडी घालत्यात वरातीत. जमंल का त्याच्यावर?"

"फुगडी? तो काय नाच आहे का!" मी हसले. दुकानाचा नोकरही हसला, म्हणून मला आणखी चेव आला. "आणि उंबऱ्यावर मी उखाणा घेणार नाही. नवऱ्याचं नाव यमकात कोंबायचं, हा मागासलेपणा आहे."

आईने साडीखालून असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला. नवरदेव शर्टाच्या कापडाकडे इतक्या एकाग्रतेने पाहू लागले, की जणू विमान त्याच कापडाचं करायचं होतं.

जाऊबाई मात्र शांत. "असं करू. तुझ्या गाण्यावर वरात नाचली तर उखाणा माफ. नाय नाचली तर मी सांगीन तो घ्यायचा, समद्यांसमोर, मोठ्यानं."

मी हो म्हटलं. उखाण्याचं काय एवढं, दोन ओळींचा मामला. पण उंबऱ्यावरच हरले असते तर त्या घरात माझा शब्द कायमचा चुलीमागे गेला असता. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

बॅन्डमास्तरांनी कॅसेट ऐकली आणि नम्रपणे विचारलं, "ताई, ह्यात गाणं कुठून सुरू होतं?" मी म्हटलं, सुरू होऊन संपलं. त्यांनी मान हलवली आणि विसार घेतला.

वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. गॅसबत्त्या, लाल कोटातला बॅन्ड, फुलं लावलेली जीप आणि जीपमध्ये मी, मुंडावळ्यांसकट आधुनिक. क्लॅरोनेटने टिवटिव सुरू केली, ढोलाने धप् धप् धरलं, ट्रम्पेटने सर्दी झालेल्या माणसाचं काम अंगावर घेतलं. आणि वरात जागच्या जागी उभी राहिली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "मास्तरला बरं नाय का?"

अर्धा रस्ता सरला तरी कोणाचा पाय उचलेना. आता आपणच शिकवावं म्हणून मी जीपमध्ये बसल्या बसल्या खांदे उडवू लागले. ड्रायव्हर घाबरून मागे वळला. "वहिनी, गाडी लागती का? थांबवू?"

घर दिसू लागलं. जाऊबाई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना फक्त उभं राहायचं होतं, पैज त्यांनी जिंकल्यातच जमा होती. पण न नाचता वरात दाराशी येणं म्हणजे गावात घराचं नाक कापलं जाणं. त्यांनी ताट नणंदेच्या हातात दिलं, पदर खोचला, धाकट्या बहिणीला ओढलं आणि रस्त्याच्या मधोमध फुगडी धरली.

काय सांगू! ते धप् धप् फुगडीसाठीच केल्यासारखं. ना लय बदलते, ना कुठे थांबते. पाहता पाहता आठ-दहा जोड्या फिरू लागल्या, मास्तरही रंगात आले. मी जीपमधून उतरले ती विजयी मुद्रेने.

"नाचली की नाही वरात?"

जाऊबाई धापा टाकत उंबऱ्यात आडव्या उभ्या. "कुठं नाचली? फुगडी घातली. तो काय नाच हाय का?"

सगळा गाव हसला. नवरासुद्धा. त्यांनी कानात सांगितलेला उखाणा मी घेतला, समद्यांसमोर, मोठ्याने:

विलायती बाजाला ना शेंडा ना बुडखा,
अमुकरावांचं नाव घेते, फुगडीनं केली सुटका.

खरं नाव इथे लिहीत नाही. तेवढ्यापुरती मी अजून आधुनिक आहे.

मास्तरांनी ते गाणं सोडलं नाही. पुढे आसपासच्या लग्नांत लोक सांगू लागले, "ते ओझरच्या फुगडीचं वाजवा." कॅसेट तुटली, मास्तर गेले, बॅन्ड जाऊन डीजे आला, गाणं तिथंच. त्याच्या जन्मगावीही ते मेलेलं नाही म्हणे. दर थोड्या वर्षांनी कोणीतरी नवे कपडे घालून त्याला पुन्हा उभं करतं.

परवा नातीने मोबाइलवर ते लावलं. "आजी, ऐक, इंग्लंडवाल्यांनी आपलं फुगडीचं गाणं ढापलंय!" मी खरं सांगितलं नाही. इंग्लंडवाल्यांनी पुष्कळ ढापलंय, त्यात एक जास्त.

तिचं लग्न तोंडावर आलंय. नाच शिकवायला पैसे देऊन माणूस ठेवलाय. काल म्हणाली, "माझ्या वरातीत फुगडीबिगडी नको हं. तो काय डान्स आहे का!"

पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या जाऊबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"बाई," त्या नातीला म्हणाल्या, "उखाणा पाठ हाय का तुला?"