पानं न जाळणारी धोंडुबाई

सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. बदामाची चार झाडं, पर्जन्यवृक्षाची दोन आणि कुणाचंही ऐकून न घेणारी पेन्शनर मंडळी. त्यातलीच मी एक. सगळे मला क्षमाबाई म्हणतात. तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. व्यापारी वारे, मतलई वारे सगळे पाठ आहेत, पण स्वतःच्या गॅलरीखालची हवा कशी आहे हे मला एका झाडूवालीनं शिकवलं. हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही. ज्याचा वाटतो ते पुढं येईलच.

धोंडुबाई आटपाडीकडची. दुष्काळात जनावरं विकून नवरा-बायको सांगलीला आली. ती ठेकेदाराकडं रस्ता झाडायला लागली आणि तिचा नवरा हरी आमच्या अपार्टमेंटचा रात्रीचा वॉचमन झाला. जिन्यामागची खोली त्यांना मिळाली. मूलबाळ नव्हतं. तोंड मात्र असं की वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा तिला बिचकून असत. कुणी कचऱ्याची पिशवी कोपऱ्यावर ठेवून सटकला की ही हाक मारायची, "आवं सायेब, तुमचं गाठुडं राहिलं. कुठं गावाला निघाला हुता व्हय?" माणूस मुकाट्यानं परत येऊन पिशवी उचलायचा.

हरीची ड्यूटी सहाला सुटायची. तोवर हिचा पानांचा ढीग झालेला असायचा. कचऱ्याची गाडी पानं घ्यायची नाही आणि मुकादम म्हणायचा, जाळून टाका. थंडीत पानं दवानं ओली असायची, लवकर पेटत नसत. म्हणून ती खाली दुधाच्या रिकाम्या पिशव्या घालायची. प्लास्टिक चटकन धरतं. हरी येऊन जाळापुढं उकिडवा बसायचा, हात पुढं करायचा. ती त्याच्या हातात चहाचा ग्लास द्यायची. हा झोपायला निघालेला, ती दिवसभराच्या कामाला लागलेली. दोघांना एकत्र बसायला तेवढीच पंधरा-वीस मिनिटं मिळायची. त्याला जास्त वेळ बसता यावं म्हणून ती आणखी दोन पिशव्या टाकायची. मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे आणि आत जाऊन धुराच्या नावानं बोटं मोडायचे.

तीन वर्षांपूर्वी हरीला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना. डॉक्टर इंग्रजी बोलतात म्हणून धोंडुबाईनं मला सोबत नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "बिडी ओढता?"

"न्हाई."

"घरी चूल?"

"गॅस हाय," धोंडुबाई म्हणाली.

"मग इतकी वर्षं रोज धुरात कुठं बसत होता?"

हरीनं बायकोकडं बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं. धोंडुबाईच हळू आवाजात म्हणाली, "मी बसवत हुते."

दुसऱ्या दिवशी तिनं पानं जाळली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ढीग वाढला, मुकादम येऊन ओरडून गेला, पेन्शनर मंडळींनी नाकं मुरडली. मग तिनं गणपतीच्या मांडवाचे उरलेले बांबू मागून आणले, भंगारातली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली, आणि मोकळ्या प्लॉटच्या कडेला चार बांबूंभोवती जाळी गुंडाळून पिंजरा उभा केला. त्यात पानांचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पानं. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी. "गावाकडं उकिरडा करतुया की आमी. त्येलाच कपडे घातल्यात," ती म्हणाली. डोक्याएवढा ढीग चार-पाच महिन्यांत गुडघ्याएवढा झाला आणि तळाशी काळं, मोकळं खत निघालं. नाकं मुरडणारेच पहिले घमेलं घेऊन आले.

मग तिनं धुळीकडं मोर्चा वळवला. झाडण्याआधी ती रस्त्यावर पाणी शिंपायला लागली, गावाकडं अंगणात सडा घालतात तसा. त्यासाठी प्रत्येक घरानं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत धरून दारात ठेवायचं, असा तिचा हुकूम निघाला. जो ठेवणार नाही त्याच्या दारापुढं ती कोरडा झाडू अशा जोरात मारायची की दुसऱ्या दिवशी बादली बाहेर यायची. हे सगळं कशासाठी, ते तिनं कधी लपवलं नाही. "आमचं मालक जिन्यामागं पडून असत्यात. त्यांच्या नाकात काय जाऊ द्यायचं न्हाई मला." तिला शहराची हवा सुधारायची नव्हती. एका माणसाचा श्वास टिकवायचा होता.

शहर सुधारायची हौस मला होती. मी फळा रंगवून घेतला, 'या गल्लीत पानं जाळली जात नाहीत.' स्थानिक पेपरात आमचा फोटो आला. त्यात धोंडुबाई कडेला उभी आहे आणि मध्ये पिंजऱ्यावर हात ठेवून मी. शेजारच्या तीन गल्ल्यांनी पिंजरे बांधले, दोन कॉलन्यांमधले लोक बघायला येणार होते. या वयात माणसं आपलं ऐकायला येतात याचं सुख फार वाईट असतं.

त्याच आठवड्यात, गेल्या नोव्हेंबरात, हरीला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. धोंडुबाई औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टर मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "आता फुप्फुसात काही राहिलेलं नाही. महिना, फार तर दोन. आता कसलंही पथ्य नको. जे मागतील ते द्या. तुम्ही शिकलेल्या आहात, त्यांना तुम्हीच तुमच्या पद्धतीनं सांगा." आपल्याकडं हे असंच असतं. ज्याचं माणूस जाणार असतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतात.

ती पिशवी घेऊन वर आली. "काय म्हनलं डाक्टर?"

मी म्हणाले, "धुरापासून जपा म्हणाले."

मी असं का म्हणाले, याचा तेव्हापासून विचार करते आहे. तिच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, हे खरं. पण तिनंच पुन्हा जाळ केला तर गल्लीत कोण कुणाला अडवणार, येणाऱ्या लोकांना मी काय दाखवणार, हेही त्या क्षणी माझ्या डोक्यात येऊन गेलं. दोन्हींतलं आधी काय आलं, ते मला आठवत नाही. आठवत असेल तर कबूल करवत नाही.

डिसेंबरात थंडी वाढली. हरीच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. तो कुडकुडायचा. मी ब्लँकेट दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली. एकदा मी खोलीत असताना तो तिला म्हणाला, "अगं, जरा शेकुटी कर की. दारात बसीन घटकाभर."

"धूर व्हतो."

"व्हऊ दे."

"पिशवी हाय की गरम. ती घ्या जवळ."

"पिशवीसंगं काय बोलायचं? जाळापुढं बसलो की तू बी बसतीस जरा."

ती त्याच्या पायांना तेल चोळत होती. तिनं मान वर केली नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पिशवीतलं पाणी गार झालंय का बघितलं आणि ते बदलायला वर निघून आले.

तो रोज मागायचा. आधी हट्टानं, मग गमतीनं, मग नुसता कोपऱ्यावर पूर्वी जाळ व्हायचा त्या मोकळ्या जागेकडं बघत. ती रोज नाही म्हणायची आणि बाहेर येऊन पिंजऱ्यातली पानं पायानं दाबायची, गरजेपेक्षा जास्त जोरानं. एका सकाळी मुकादमानं कुठून तरी येऊन पलीकडच्या वळणावर कचरा पेटवला, तर ही खराटा घेऊन धावली आणि अख्खी बादली ओतून तो विझवला. हरी खिडकीतून बघत होता. विझलेल्या जागेवरून वाफ निघत होती. ती संपेपर्यंत तो बघत राहिला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हरी गेला. सकाळीच, सहाच्या सुमारास. हात थंडगार होते, ती सांगत होती, कितीही चोळले तरी गरम होत नव्हते.

दहावं झाल्यावर ती परत कामावर आली. सडा घातला, झाडलं, पानं पिंजऱ्यात भरली. मग माझ्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. तिला चहा दिला, तर तिनं तो हातात नुसता धरून ठेवला.

"बाई, आटपाडीचं पावणं म्हनत हुतं, मरणाऱ्या मानसाला एवढं बी दिलं न्हाईस. बोलत्यात तर बोलू द्यात. पर रातीला माझं मन खातंय. एक डाव केला असता जाळ, बसलो असतो दोघं, तर?"

मी तिच्या पदराला चिकटलेलं वाळकं पान काढून टाकलं.

"मग मी मनाला समजावते. डाक्टरनी सांगितलं हुतं, धुरापासून जपा. मी आपलं जपलं. त्येच्यामुळंच दोन म्हयने तरी मिळालं मला. व्हय न्हवं?" तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी तर तितंच हुता. तुमी ऐकलं हुतं न्हवं, डाक्टर काय म्हनलं त्ये?"

"हो," मी म्हणाले. "मी ऐकलं होतं."