मागेश्वरी सिस्टर आणि कलाचा कागद

मलेशियातल्या तैपिंगच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, मागेश्वरी सिस्टरला विचारल्याशिवाय कुणी पैशाचं काम करत नसे. कुठली बँक मुदत ठेवीला पाव टक्का जास्त देते, विम्याचा अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, सगळं तिला तोंडपाठ. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती. सलाइन लावता लावता ती नव्या मुलींना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायची आणि मुली ऐकायच्या. निम्म्या वॉर्डाने म्युच्युअल फंड घेतले होते ते तिच्या मावसभावाकडून, दोरायकडून, आणि तेही तिच्या शब्दाखातर. दोराय दर दिवाळीला मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा घेऊन वॉर्डात यायचा, तेव्हा तिला उगीचच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

मग इपोहहून बदली होऊन कलैसेल्वी आली, सगळ्यांची कला. फिजिओथेरपीवाली, चौतिशीची, हळू बोलणारी. पहिला महिना शांत गेला. दुसऱ्या महिन्यात पॅन्ट्रीतल्या फ्रिजवर एक कागद चिकटला. मोबाइलवरून गुंतवणूक करायची सहा ॲप, प्रत्येकाची एक ओळ. घेताना किती कापतात, दरवर्षी किती कापतात, पैसे काढायला किती दिवस लागतात, तक्रारीला उत्तर कधी येतं. ॲपची नावं लांबलचक, म्हणून कलाने सरळ त्यांच्या चिन्हांचे रंग लिहिले होते: हिरवं, निळं, नारिंगी. हिरवं सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात वर. आणि सगळ्यात खाली सातवी ओळ: ‘ओळखीच्या एजंटकडून: शंभराला साडेपाच, आधीच.’

नाव कुणाचंच नव्हतं. मागेश्वरीने ती ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

“साडेपाच म्हणजे दोराय अण्णांचंच ना हे?” नव्या मुलींपैकी एकीने विचारलं.

“सेवेचे असतात ते,” मागेश्वरी म्हणाली. “दोराय घरी येऊन सही घेतो. तुझं ॲप येणारे का घरी?”

“शंभरातले साडेपाच घेऊन मुरुक्कू देतात. महाग पडला की मुरुक्कू, सिस्टर.”

सगळ्या हसल्या. कला हसली नाही, आणि तेच मागेश्वरीला जास्त झोंबलं. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

त्या दिवसापासून तिचं लक्ष कामात कमी आणि पॅन्ट्रीत जास्त. जेवणाच्या सुट्टीत मुली कलाभोवती गोळा व्हायच्या. फार्मसीतले लोकही विचारायला येऊ लागले. एकदा तर मोठ्या डॉक्टरीणबाई मोबाइल हातात घेऊन आल्या, मागेश्वरीसमोरून गेल्या, आणि कलापाशी थांबल्या. एकोणतीस वर्षांत त्या बाईंनी मागेश्वरीला रक्तदाबाशिवाय काही विचारलं नव्हतं.

घरी नवरा, शंकरन, टीव्हीसमोर बसून तिचं ऐकून घ्यायचा.

“तिच्या कागदात काही चूक सापडली?” त्याने एकदा विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर.”

“सापडेल,” ती म्हणाली.

तिने सहाही ॲपवर खाती उघडली. प्रत्येकात शंभर शंभर रिंगिट टाकले. शाळकरी मुलांची असते तसली एक वही आणली आणि तीत लिहायला लागली. किती कापले, कधी कापले, फोन केला तर किती मिनिटं गाणं ऐकवलं, चॅटवर उत्तर देणारं माणूस होतं की यंत्र. नाडी मोजायची सवय होती, तशी ती घड्याळ लावून मोजायची. कलाचा एकेक आकडा बरोबर निघत गेला, आणि बरोबर निघालेला प्रत्येक आकडा तिला वैऱ्यासारखा वाटायचा. या बाईने कुठेच कसा हलगर्जीपणा केला नसेल?

मग तिने प्रत्येक ठिकाणचे शंभर परत काढले. पाच ठिकाणचे वेळेत आले. हिरव्यावर मात्र, कागदावर ‘तीन दिवस’ लिहिलं होतं तिथे, आठवडा उलटला तरी पत्ता नाही. चॅटवर यंत्र गोड बोलत राहिलं. नवव्या दिवशी, पाऊण तास गाणं ऐकल्यावर, क्वालालंपूरहून एक खराखुरा माणूस बोलला. पहिल्यांदा पैसे काढणाऱ्याची कागदपत्रं आम्ही हाताने तपासतो, मॅडम, त्याला वेळ लागतो. हे कुठे लिहिलंय का, असं तिने विचारलं तर तो म्हणाला, अटींमध्ये आहे. पैसे अकराव्या दिवशी आले. मागेश्वरीने वहीत तारीख लिहिली, त्या माणसाचं नाव आणि थेट नंबर लिहिला, आणि ‘अकरा’ या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. त्या रात्री तिला छान झोप लागली.

सांगायचं कधी, हे मात्र ठरेना. चारचौघांत सांगायचं होतं, कलाच्या तोंडावर. योग्य वेळ येऊ दे, असं म्हणत तिने वही पर्समध्ये ठेवली, आणि दीड महिना ती तिथेच राहिली.

वॉर्डात रोहायू नावाची आया होती. मुली तिला काक, म्हणजे ताई, म्हणायच्या. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्या मागे मिळालेल्या पैशातले आठ हजार तिने कलाचा कागद बघून हिरव्यावर ठेवले होते. लेक हुमैरा, तिला इपोहच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. फी वीस जुलैपर्यंत भरायची होती.

चौदा तारखेला रोहायू पॅन्ट्रीत आली. कला रजेवर सासरी गेली होती. मागेश्वरी डबा धूत होती.

“सिस्टर, उद्या काढले तर वीसपर्यंत येतील ना पैसे? कागदावर तीन दिवस लिहिलेत.”

मागेश्वरीच्या हातातला साबणाचा फेस तसाच राहिला. एक वाक्य बोलायचं होतं. दागिना गहाण ठेव, कुणाकडून उसने घे, कॉलेजला आजच फोन कर, काहीही. पर्समध्ये वही होती.

“कागदावर लिहिलंय ना?” ती म्हणाली. “मग मला काय विचारतेस? मी जुन्या काळातली बाई.”

रोहायूला ती थट्टा वाटली. ती हसून गेली.

अठराला पैसे आले नाहीत. एकोणीसला सकाळी रोहायू चादरींच्या कपाटाआड रडताना सापडली. मग वॉर्डाचं तोंड फिरलं. इतके दिवस जे कागदाचे गोडवे गात होते तेच म्हणू लागले, इपोहहून आली आणि इथे शहाणपणा शिकवायला लागली. मागेश्वरी ऐकत होती. हेच तर तिला हवं होतं.

कला त्याच दिवशी कामावर परतली होती. तिला सगळं कळलं तेव्हा ती रोहायूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “चूक माझी आहे, काक. मी त्यांनी लिहिलेलं उतरवून घेतलं. स्वतः पैसे काढून बघितलेच नाहीत. माझ्याकडे तीन हजार आहेत, ते घ्या.”

एवढं साधं बोलली की वॉर्डाचा राग निम्मा तिथेच उतरला. कुणीतरी तिला पाणी दिलं. मागेश्वरीचा पुन्हा तोच जळफळाट. चूक करूनसुद्धा लोक हिलाच पाणी देतात. पण रोहायूच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्या जळफळाटाची तिला पहिल्यांदाच किळस आली.

तिने पर्स उघडली, वही काढली. “एक थेट नंबर आहे माझ्याकडे,” ती म्हणाली.

कलाने वहीत डोकावून बघितलं. लाल रेघा, तारीख.

“अक्का, हे मे महिन्यातलं आहे.”

“हो.”

“रोहायू काकने तुम्हाला विचारलं होतं?”

“विचारलं होतं.”

कलाने वहीतल्या नंबरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “फोन लावा.”

त्या माणसाने खूप केलं तर एकोणतीस तारीख सांगितली. मागेश्वरी तशीच बँकेत गेली आणि स्वतःची ठेव मोडून उरलेले पाच हजार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आपली गाडी काढली आणि रोहायूला शेजारी बसवून फी भरायला इपोहकडे निघाली. वाटेतलं क्वाला कांगसार मागे पडल्यावर तिने सगळं सांगून टाकलं, काही न गाळता. शंभर रिंगिटचं, लाल रेघांचं, साबणाच्या फेसाचं.

रोहायू खिडकीबाहेर बघत होती. तोंड न वळवता म्हणाली, “कलाशी तुमचं जे काय भांडण होतं, सिस्टर, ते तुम्ही माझ्या लेकीच्या फीवर काढलंत.”

मागेश्वरीने गाडी सरळ कॉलेजच्या दारात नेली. फी भरली गेली, पावती मिळाली. पैसे एकोणतीसला आले, तीसला रोहायूने पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “मोजून घ्या, पुआन.” पुआन म्हणजे बाईसाहेब. वॉर्डात तिला तसं कुणी म्हणत नसे. पुढे पाच महिने रोहायू तिला पुआनच म्हणत राहिली.

कलाने नवा कागद केला. त्यात दोन रकाने वाढले: पहिल्यांदा काढलेले पैसे खरोखर कधी आले, आणि फोनवर माणूस सापडतं का. त्यासाठी तिने मागेश्वरीची वही मागून नेली, दोन दिवसांनी परत दिली, आणि कागदाखाली लिहिलं, ‘तपासणी: मागेश्वरी सिस्टर’. मागेश्वरीला ते नाव खोडावंसंही वाटलं आणि अजून ठळक असावं असंही वाटलं. तिने काहीच केलं नाही. दोरायच्या ओळीबद्दल मात्र तिने ज्यांना फंड घ्यायला लावले होते त्या प्रत्येकीला स्वतः गाठून सांगितलं. दोराय दोन महिने बोलला नाही.

वॉर्डात अजून त्याला ‘कलाचा कागद’च म्हणतात. ऐकलं की तिला टोचतं. ते गेलेलं नाही, आणि जाईल असं तिला वाटतही नाही.

डिसेंबरात रोहायू एक अर्ज घेऊन तिच्या टेबलापाशी आली. शिष्यवृत्तीचा होता.

“सिस्टर, हे जरा बघता का?” मग म्हणाली, “कलालाही दाखवलाय.”

टोचलं. मागेश्वरीने चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, आणि तिला जे जे माहीत होतं ते सगळं रोहायूला सांगितलं.