दिगूभावजींचं गाऱ्हाणं

दिगूभावजींच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात मासळीचे, म्हणून रिसीव्हर दोन बोटांत धरला. "काकी, आबा गेले..." एवढंच म्हणाली. जाळ्याच्या खोपीत बसल्या बसल्या गेले, चहा अर्धा कपात तसाच. मी बांगडे झाकून ठेवले आणि निघाले. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

भावजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन मालवणात आले तेव्हा अर्ध्या चड्डीत असायचे, शाळेपेक्षा किनाऱ्यावर जास्त. पुढे आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, झाले. रापण म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. होडीने समुद्रात लांबलचक जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने ते ओढायचं. दोरीला हात लावला त्याला वाटा. कुणी विधवा बाई शेवटी धावत येऊन दोरीला नुसती टेकली तरी भावजी तिच्या टोपलीत मासळी टाकायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तुझ्या वाट्यातलां दिलंय काय रे?"

आता टीव्हीची गोष्ट. सरकारी वाहिनीची माणसं मुंबईहून आली, गावोगावची संस्कृती आणि तिथली पुढारी माणसं दाखवायला. दशावतारातले एक म्हातारे नट घेतले, वाचनालयाच्या बाई घेतल्या आणि किनाऱ्यावरचे म्हणून आमचे भावजी. वाडीचं लग्नघर झालं होतं! कार्यक्रम करणारी मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन गाऱ्हाणं घालता ना, तसंच करून दाखवा." दिवस माघाचे. भावजी म्हणाले, "बाई, पुनव कधीच सरली. दर्याक खोटो नारळ दिवचो नाय माका."

झालं. कॅमेरा थांबला. ती मुलगी कुजबुजायला लागली, शिरोड्याला कुणी मिळेल का म्हणून. मासे विकणारी रखमा भावजींवर डाफरली, "सगळ्यांनी नवी लुगडी नेसली ती काय परत घडी घालून ठेवूची?" भावजी ऐकेनात. शेवटी मीच पुढे झाले. म्हटलं, "खोटा नको तर खरा गाऱ्हाणा घाल. मागूचा काय कमी आसा तुका?"

तसे भावजी पाण्यात घोटाभर उतरले. हात जोडले. गाऱ्हाण्याची आमची रीत अशी की एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा.

"बा दर्या महाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत..."

"व्हय महाराजा!"

"ट्रॉलरवाले आमच्या किनाऱ्यापर्यंत येतत, पिल्लांसकट मासळी खरवडून नेतत. तेंका तेंच्या हद्दीत ठेव, आणि आमच्या रापणीत सगळ्यांचो वाटो ऱ्हवांदे..."

"व्हय महाराजा!"

कॅमेरावाला म्हणाला, वारा फार होता, एकदा परत म्हणा. भावजी पाण्याबाहेर येत म्हणाले, "एकदा आयकल्यान दर्यान. पुन्हा कित्याक?"

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आमच्या घराची ओटी माणसांनी भरली होती. भावजी पुढे, नवा शर्ट घालून. त्यांना दिसण्याची हौस नव्हती हो, ट्रॉलरचं बोलणं वरपर्यंत जाईल एवढीच आशा होती. गाव किती देखणा दाखवला! दशावतारातले म्हातारे रंग लावताना बघून बायका रडल्या. मग भावजी आले, हात जोडलेले, ओठ हलताहेत... आणि वर बासरी. त्यांचा एक शब्द नाही. भावजी म्हणाले, "त्या पोरीच्या हातात नसतला. पण गाव बरो दिसलो." आणि चहा न घेता उठले.

पुढच्या महिन्यात मला पेन्शनच्या कामाला ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जायचं होतं. ते ट्रॉलरचा अर्ज घेऊन बरोबर आले. एरवी तिथे तासभर भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. त्या दिवशी एक क्लार्क मुलगी उठली, "आजोबा, तुम्ही टीव्हीवर होतात ना? बसा, बसा!" खुर्ची आली, चहा आला, साहेब बाहेर आले. "काय सुंदर गाऱ्हाणं घालता तुम्ही!"

"काय म्हटलंय तां आयकलास?"

साहेब गडबडले. "नाही म्हणजे... त्यावर संगीत होतं."

"मगे आता आयका." भावजी उठले, चपला काढल्या, हात जोडले आणि ट्रॉलरचं गाऱ्हाणं साहेबांपुढे घातलं. मला मेल्यासारखं झालं. पण पहिलं वाक्य संपलं तशी कपाटामागून शिपायाची हाक आली, "व्हय महाराजा!" सवयच ती, जीभ थांबते थोडीच. दुसऱ्याला ती मुलगी. तिसऱ्याला साहेबांच्याही तोंडून अर्धं निघून गेलं, मग ते खोकले. येताना एसटीत मी म्हटलं, "दर्याक एकदाच, आणि सायबाक परत?" तर म्हणे, "दर्याक आयकू येता गे वयनी."

त्या हंगामात गस्तीची बोट बरेचदा दिसली, ट्रॉलर लांब राहिले. पुढे परत यायला लागले. कायमचं काही झालं नाही, खोटं का सांगू. रापण लहान झाली, पण भावजी होते तोवर बंद पडली नाही, आणि वाटाही कुणाचा चुकला नाही.

तेराव्यानंतर पुतणीने त्या कार्यक्रमाची सीडी लावली. ओटीवर तीच माणसं, थोडी कमी. भावजी पाण्यात उभे, ओठ हलताहेत, बासरी वाजतेय. ओठ जिथे थांबले तिथे रखमा हळूच म्हणाली, "व्हय महाराजा." पुढच्या थांब्याला आम्ही सगळेच. शब्द आम्हाला पाठ होते ना...

संपल्यावर रखमा डोळे पुसत म्हणाली, "परत लाव गो."

मी म्हटलं, "नको. एकदा आयकल्यान दर्यान."