खांबाची जागा

केंद्रातली मुलं तिला टाळीबाई म्हणत. तिचं खरं पद दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण ते इतकं लांब होतं, की वाचून होईपर्यंत मूल उंबऱ्याला अडखळून आत पडलेलं असे.

अशीच मुलं तिच्याकडे येत. चेंडू छातीवर आदळून खाली गेला की ज्यांचे हात जुळतात, जिना संपल्यावरही ज्यांना आणखी एक पायरी आहेसं वाटतं, आणि ज्यांना घरी 'लक्ष कुठंय तुझं?' हा प्रश्न जेवणाआधी आणि जेवणानंतर विचारला जातो. लक्ष जागेवरच असतं, हात उशिरा पोचतो. हे टाळीबाई पालकांना नीट समजावून सांगे. पालक मान डोलावत, आणि दाराबाहेर पडताच म्हणत, "लक्ष दे जरा, पायरी आहे."

कामाची पद्धत साधी होती. टेबलावर ठराविक वेळाने ठोका देणारं एक यंत्र. मुलं त्याला टकटक्या म्हणत. समोरासमोर दोन खुर्च्या. टक् झालं की टाळी. टाळी जमली की मांडीवर थाप, मग पाय, मग ठोक्यावर चालणं. मूल आधी ठोक्याच्या मागे धावतं, मग घाबरून त्याच्या पुढे पळतं आणि हळूहळू ठोक्यावर येऊन बसतं. टाळीबाईकडे ते जरा लवकरच बसे. मोठे डॉक्टर पाहुण्यांना तिच्या खोलीच्या काचेपाशी आणत आणि म्हणत, "बाईंच्या हाताला गुण आहे." गुण होता हे खरं. तो हाताला नव्हता, हे मागाहून कळलं.

मग तिचा नवरा गेला. सकाळी दाढी करता करता गेला. एका गालावर साबण तसाच राहिला होता, तो तिनं पुसला. ती रडली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. नणंदेनं आपल्या परीने बरेच प्रयत्न केले.

"अगं, रड. मोकळी हो."

"येत नाही हो वन्सं."

"न यायला ते काय पोहणं आहे?"

शेवटी 'दगड आहेस नुसती' असं म्हणून नणंद आपल्या घरी गेली. टाळीबाईनं त्यावर थोडा विचार केला आणि सोडून दिला. भूक लागली की ती जेवे. झोप आली की झोपे. दूध उतू जाऊ लागलं तर ते पुरतं उतू जाईपर्यंत बघत उभी राही, आणि मग ओटा पुसे. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. सुट्टी संपली. ती कामावर गेली.

तिच्याकडे येणाऱ्यांत एक मुलगी होती. आई तिला धडपडी म्हणे, आणि लाडानं म्हणे. या धडपडीची एकच मागणी होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुली लांब दोरी खेळत: दोघींनी टोकं धरून फिरवायची, बाकीच्यांनी एकेक करून आत शिरायचं. आत शिरण्याची आशा धडपडीनं कधी धरलीच नाही. तिला दोरी फिरवायची होती. पण मुली एक टोक व्हरांड्याच्या खांबाला बांधत आणि दुसरं एकीच्या हातात देत.

"तुझ्यापेक्षा खांब बरा," त्यांच्यातली म्होरकी म्हणाली होती. "तो मध्येच थांबत तरी नाही."

खांब मुळात थांबलेलाच असतो, पण मधल्या सुट्टीत एवढा वाद घालायला वेळ कुणाला? तर धडपडीला खांबाची जागा हवी होती. तीही याच वर्षी. पुढच्या वर्षी वर्ग वरच्या मजल्यावर जाणार होता, आणि वरच्या मजल्यावरच्या मुली दोरी खेळत नाहीत, नुसत्या घोळक्यानं उभ्या राहून बोलतात.

टाळीबाई सुट्टीवर जाण्याआधी धडपडीच्या टाळ्या ठोक्यावर आल्या होत्या. आता त्या पुन्हा घसरल्या. एकटीच्याच नाही, सगळ्याच मुलांच्या. मोठ्या डॉक्टरांनी यंत्रावर संशय घेतला आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं ते उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

"यंत्राला काही झालेलं नाही. दुसऱ्या कुणाला काही झालंय का?"

"नाही," टाळीबाई म्हणाली.

त्याच दिवशी धडपडीच्या टाळ्या सलग चुकल्या आणि ती वैतागली.

"तुम्ही ते बंद केलंत ना, म्हणून होतंय."

"काय बंद केलं?"

"भुवई. टक् व्हायच्या जरा आधी तुमची डावी भुवई वर जायची. ती गेली की मी टाळी वाजवायचे. सगळेच तसं करतात."

"सगळे?"

"हो. नवीन कुणी आलं की आम्ही बाहेर बाकावर सांगतो ना, टकटक्या ऐकू नकोस, बाईंकडे बघ."

आईला विचारलं तर ती म्हणाली, "घरी फोनवर ठोके लावले की हिला काही म्हणता काही जमत नाही. मला वाटलं, घरी लाडावते."

म्हणजे इतकी वर्षं मुलं ठोक्यावर आलीच नव्हती. ती बाईंच्या भुवईवर आली होती, आणि भुवई कुणाला घरी नेता येत नव्हती. दुसऱ्या एखादीला हे लागलं असतं. टाळीबाईनं जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "मग उचला ना भुवई."

तिनं उचलून पाहिली. पण ठरवून उचललेली भुवई ठोक्याच्या मागून निघे. धडपडी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. तशी ती एरवीही पडे.

"बाई, तुम्हीपण उशिरा!"

"हो."

"लक्ष कुठंय तुमचं?"

टाळीबाईनं यंत्र बंद केलं आणि खुर्च्या भिंतीला लावल्या. अडगळीतून कपडे वाळत घालायची जाड दोरी आणली, एक टोक धडपडीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं.

"माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तिथं आता काही नाहीये."

"मग कुठं बघू?"

"कुठंही. हाताला कळेल."

पहिले काही दिवस दोरी मेलेल्या सापासारखी लोळत होती. धडपडीचा हात मागे राहिला की मनगटाला हिसका बसे, पुढे पळाला की दोरी ढिली पडून गुंता होई. पण ठोका वाजतो आणि निघून जातो, त्याला धरून ठेवता येत नाही. दोरीची ओढ मात्र पूर्ण फेरा होईपर्यंत हातात असते. टाळीबाईचा हात न चुकता फिरत होता. त्याला चेहऱ्याची गरज नव्हती. पावसाळी ढगासारखी तोंडं करून आलेल्या बाकीच्या मुलांनाही तिनं हीच दोरी दिली. मोठे डॉक्टर अधूनमधून काचेपाशी येऊन उभे राहत, पाहुण्यांशिवाय. आतून जमिनीवर दोरी आपटल्याचा आवाज येई: फट्, फट्, मग बराच वेळ काही नाही, मग फट्. हळूहळू तो बराच वेळ कमी झाला.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा धडपडी एकदा तळहात पुढे करूनच आत आली. दोरीनं घासून तो लाल झाला होता.

"काय झालं?"

"खांबाला सुट्टी दिली."

"म्हणजे?"

"म्हणजे आज मी फिरवली. दोघी अडकल्या. पण त्या म्हणाल्या, आमचंच चुकलं. उद्यापासून अर्धी सुट्टी मी, अर्धी सुट्टी खांब."

"छान," टाळीबाई म्हणाली.

धडपडी तिच्याकडे रोखून बघू लागली.

"बाई, हलली!"

"काय?"

"भुवई!"

टाळीबाईनं बोट लावून पाहिलं. धडपडी पुढे आली, वाटेत टेबलाला धडकली, चवड्यांवर उभी राहिली आणि अगदी जवळून नीट बघून म्हणाली, "नाही. माशी बसली होती."

"बरं," टाळीबाई म्हणाली, आणि तिनं दोरीचं आपलं टोक उचललं.